निळ्या डागाला चोच

मास्तरांनी त्या निळ्या डागाला चोच काढली.

मग एक डोळा, पंखाची एक रेघ आणि खाली दोन काटकुळे पाय. बारीक ब्रशने, श्वास रोखून, एका दमात. नुसता ओघळ होता तिथे पक्षी उभा राहिला. मान किंचित कलती, कुणी हाक मारली म्हणून वळून पाहावं तशी.

"हा बघ," मास्तर म्हणाले, "पक्षी."

कागदाची धनीण पाहत राहिली. चार वर्षांची असेल-नसेल. बापाचा जुना शर्ट उलटा घातलेला, बटणं पाठीवर, दुमडून दुमडून बाह्यांची कोपरावर जाड वळी झालेली. खोलीत सगळे तिला भुंगी म्हणत, कारण ती बोलत नसे, गुणगुणत असे. रंग ओतताना, कागद अलगद कलता करून ओघळाला वाट दाखवताना तिच्या गळ्यातून एक बारीक, लांबलचक सूर निघे. ना त्याला शब्द, ना चाल. विहिरीत वारा घुमावा तसा. आत्ताही तो निघत होता. चोच उमटली आणि थांबला.

मास्तरांच्या ते ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की शेजारी वाळूत हात घालून बसलेलं पोर उठून आलं आहे, त्याच्यामागून लोकरीचा गुंता टाकून दुसरं, खळीचं पातेलं सोडून तिसरं.

"मला पण पक्षी!"

"आजोबा, मला दोन!"

"रांगेत या, रांगेत," मास्तर म्हणाले, आणि फार दिवसांनी त्यांचा आवाज त्यांनाच शाळेतल्यासारखा वाटला.

उभी हयात त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाले तरी हाताची खाज गेली नव्हती. आणि घराच्या तळमजल्यावर सुनेने मांडलेला हा संसार त्यांच्या डोळ्यांना सलत होता. परातीत वाळू, पातेल्यात पिठाची खळ, डब्यांतून बुचं, स्पंजचे तुकडे, वाळकी पानं, झिजलेले टूथब्रश. मुलं यायची, चिवडायची, थापायची, ओतायची. भिंतीवर चित्र म्हणून एक नाही. सून कुणालाही 'काय काढलंस?' असं विचारत नसे. विचारलंच तर म्हणे, "हे कसं केलंस गं?" आणि मूल ऐटीत हात हलवून दाखवे.

"अगं, हा नुसता चिखल आहे," मास्तर म्हणत. "चित्र कुठाय यात?"

"चिखलच आहे, बाबा. चांगला झालाय ना?"

यावर काय बोलणार, कपाळ?

आज तिची मदतनीस आली नव्हती, त्यात बेसिन तुंबलं. प्लंबरसोबत मागच्या दारी जाताना ती सांगून गेली होती, "नुसतं बसा, बाबा. कुणी डोळ्यांत रंग घातला तर हाक मारा. बाकी काही करू नका. काढून तर कुणालाच काही देऊ नका."

मास्तर बसले होते. खरंच बसले होते. पण तो निळा डाग असा काही पसरला होता, की पक्षी त्यात आधीपासूनच होता. फक्त चोच तेवढी राहिली होती. हात शिवशिवले. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सून परत आली तेव्हा वाळू, लोकर, खळ सगळं ओस पडलं होतं आणि मुलं आपापला कोरा कागद छातीशी धरून रांगेत उभी होती. शहाण्यासारखी. खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

मास्तरांनी मान वर केली. शाबासकीची वाट पाहणारं तोंड लपत नाही. म्हाताऱ्याचं तर मुळीच नाही.

"चला," सून मुलांना म्हणाली, "हात धुऊया." मग मुलांच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. धुण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतं.

जेवताना मास्तरांनीच विषय काढला. "एका तासात पोरं कशी बसली बघितलंस? वळण लागतं गं. लावणारा हवा."

सून ताटाकडे पाहत होती. उत्तर त्यांच्या मुलाने दिलं, हसत हसत. "बाबांनी वळण लावलं म्हणजे कायमचं. माझा घोडा नाही का, हॉलमधल्या चित्रातला? बक्षीस मिळालेला?"

"पहिलं बक्षीस," मास्तर म्हणाले. "पाच वर्षांचा होतास."

"हो. शेपूट माझी होती," मुलगा म्हणाला, "बाकी चारही पाय बाबांचे. मी आपला ते चित्र धरून फोटोत." तो पुन्हा हसला आणि भात वाढून घेतला. त्याच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. गोष्ट फार जुनी, घासून गुळगुळीत झालेली. पण मास्तरांचा घास तोंडापाशी थांबला. त्या घोड्यानंतर मुलाने काय काढलं होतं ते त्यांनी आठवून पाहिलं. वह्यांच्या समासात तरी काही? बसच्या तिकिटाच्या मागे? काहीच आठवेना. आपलीच आठवण पातळ झाली असेल, असं म्हणून ते पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी मुलं आली ती वाळूकडे गेली नाहीत. मास्तरांच्या खुर्चीभोवती गोळा झाली. सुनेने खळीत लाल रंग ओतून दाखवला, फुगा बुडवून ठसा उमटवला. दोघंतिघं गेली, पण माना मागे वळवत. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. एकाने स्वतः काढलेली रेघ पुसून टाकली. "मला येत नाही," तो म्हणाला. "आजोबांना येतं." या खोलीत 'येत नाही' हे शब्द आजवर कुणी उच्चारलेच नव्हते, येण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

आणि भुंगी. ती निळ्या रंगाच्या बाटलीशेजारी मांडी घालून बसे, हात मांडीत, कोरी ठक्क. मास्तर पेपर वाचल्याचं नाटक करत कान देत. टूथब्रशची खरखर ऐकू येई, नळाची टिपटिप ऐकू येई. तो सूर नाही.

शेवटी ती उठली. कागद घेऊन थेट त्यांच्या गुडघ्यापाशी आली, तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्पष्ट, घोटीव आवाजात म्हणाली,

"पक्षी."

सुनेच्या हातातला डबा खाली ठेवला गेला. मुलंसुद्धा थांबली. भुंगी बोलली होती.

दुपारी तिची आई न्यायला आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई, गळ्यात अजून दुकानाचं ओळखपत्र. पोरीचे कान तपासून झाले होते, जीभ तपासून झाली होती, नातेवाइकांचे टोमणे झाले होते. मुलांपैकीच कुणीतरी दारातच तिला ओरडून बातमी दिली. ती चप्पल न काढता आत आली. लेकीपुढे बसली.

"काय म्हणालीस, राणी? परत म्हण."

"पक्षी."

आईने तोंडावर पदर दाबला. मग उठून मास्तरांपुढे आली आणि वाकली. त्यांनी पाय मागे घेतले तरी वाकलीच.

"तुमच्यामुळे हो, मास्तर. ताईंकडे पाठवत होते ते नुसतं रमते म्हणून. तुम्ही आलात आणि चार दिवसांत तोंड उघडलंत माझ्या पोरीचं. हातात काय जादू आहे तुमच्या!"

मास्तरांनी हात खुर्चीच्या खाली घेतले. कुणी त्यांना भर चौकात चोरीचा माल घेऊन उभं केलं असतं, तरी इतका घाम आला नसता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती भुंगीच्या पाठीची बटणं काढत होती.

संध्याकाळी ती डबे धूत होती तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"त्या बाईला तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, बाबा? पोरगी बोलली. खोटं थोडंच आहे?"

"पण ती गुणगुणत नाही आता."

सुनेने नळ बंद केला. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं."

त्या चार शब्दांत रागाचा लवलेश नव्हता. असता तर मास्तरांना उलट रागावता आलं असतं. त्यांनी धुतलेले डबे पुसायला फडकं घेतलं, आणि एकच डबा फार वेळ पुसत राहिले.

"शाळेत," शेवटी ते म्हणाले, "शाळेत किती पोरांना मी..." आकडा त्यांना ठाऊक नव्हता. चेहरेही आठवत नव्हते. आठवत होते ते फक्त घोडे, होड्या, डोंगरामागचे सूर्य. सगळे एकाच हाताचे.

सकाळी ते जुना शर्ट उलटा घालून खाली आले. पाठीची बटणं दोन मुलींनी लावून दिली, एक काज चुकवून. कुबड आल्यासारखा शर्ट घेऊन मास्तर खुर्चीऐवजी सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले. खळीचं पातेलं त्यांनी पुढे ओढलं.

"आजोबा, पक्षी!"

"आज पक्षी नाही."

"मग मोर?"

"मोर नाही. मी आज ओतायला शिकणार आहे."

"त्यात काय शिकायचं?" एका पोरीने विचारलं. खरोखरच कुतूहलाने.

त्यात काय शिकायचं ते मास्तरांना लवकरच कळलं. हिरवा ओतला, बोटं फिरवली, आणि कागदावर मासा आला. पुसला. पिवळा ओतला, पान आलं, शिरांसकट. पुसलं. तळहात थापला तर त्याचीही झाडाची फांदी होऊ लागली. आपण हाताला इतकी वर्षं आकार शिकवले आणि आता हा हात आपलं ऐकत नाही, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा त्याच रिंगणात फिरतोय. मुलं हसत होती. "परत मासा! आजोबांचा परत मासा!" मास्तरही हसल्यासारखं करत होते, पण कानशिलं तापली होती.

भुंगी समोर येऊन उभी राहिली. हातात कोरा कागद.

"पक्षी," ती म्हणाली.

तो तिच्याजवळचा एकुलता एक शब्द होता. तो घेऊन ती त्यांच्या दारी आली होती.

"नाही गं, बाळा," मास्तर म्हणाले. "नाही."

तिने वाट पाहिली. मग ओठ दुमडले, मान खाली गेली. रडली नाही. कागद सतरंजीवर टाकून, पाठ फिरवून बसली. मास्तरांना वाटलं, उठावं, चार रेघा माराव्यात, संपवावं. त्यांनी दोन्ही हात पातेल्यात मनगटापर्यंत बुडवले, म्हणजे ते जागचे हलणार नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. मुलं कंटाळली, हळूहळू पांगली. कुणीतरी वाळूत पाणी ओतलं, कुणीतरी त्यावरून भांडलं. सुनेने भांडण मिटवलं नाही. दुसरं भांडं आणून दिलं. आणि मास्तरांच्या कागदावर एक छोटं, उलट्या घातलेल्या शर्टातलं कोपर टेकलं. ते माशावरून सरळ फिरलं. डोळा गेला, कल्ले गेले, शेपूट गेली. मग ते कोपर थांबलं आणि भुंगीने त्यांच्याकडे पाहिलं, ओरडा बसतो का ते.

निळी बाटली मास्तरांनी तिच्या बाजूला सरकवली.

ती ओतत होती तेव्हा दारात तिची आई आली. दुकानातून अर्ध्या तासाची सुट्टी मागून आली होती. एक चप्पल पायात, एक उंबऱ्याबाहेर.

"बोलली का हो आज?" तिने दबक्या आवाजात विचारलं. डोळे नुसते लखलखत होते.

"बोलली," मास्तर म्हणाले. "मीच नाही म्हणालो."

आई हसली, थट्टा असेल म्हणून. मग हसू विरलं. "नाही म्हणालात?"

"बाई, माझ्या हातात जादूबिदू नाही." त्यांनी हात वर केले, खळ कोपरापर्यंत ओघळत होती. "पोरगी तिच्या नादात रंग ओतत होती, सूर लावून. मी मध्येच हात घातला. तेव्हापासून तिने रंगाला बोट लावलं नव्हतं. माझ्याकडे मागण्यापुरतं ती बोलली. मी काढून द्यावं म्हणून."

"पण बोलली ना!" आईचा आवाज चढला, आणि मुलं वळली तसा तो पुन्हा दबका झाला. "मागायला का होईना. तुमचं काय जात होतं, मास्तर? चार रेघा. आणि तिने आता तेवढंही बंद केलं तर?"

सून कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली नाही.

"तर..." मास्तर म्हणाले. मुलांना उत्तरं देण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस त्या बाईपुढे मान खाली घालून बसला होता, पाठीवर चुकलेलं बटण घेऊन.

भुंगीने कागदाचं एक टोक उचललं. निळा ओघळ थबकला, डगमगला, मास्तरांच्या मांडीच्या दिशेने निघाला. तिने भुवया आवळून दुसरं टोक उचललं. ओघळ वळला. तिने ना आईकडे पाहिलं, ना कुणाकडे.

मास्तर सतरंजीवर थोडे बाजूला सरकले. एका माणसापुरती जागा झाली.

आई बराच वेळ तशीच उभी राहिली, श्वाससुद्धा जपून घेत, सूर येतो का म्हणून कान लेकीच्या दोन वेण्यांकडे लावून. मग तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि पायातली दुसरी चप्पलही काढली.