दोन रेघा आणि एक टिंब

बानाबाईनं जर्मन साहेबाला आयुष्यात एकच गोष्ट फुकट दिली, ती म्हणजे खरं उत्तर. घोंगड्यांचे तिनं रीतसर पैसे घेतले होते.

साहेब आला होता किल्ला बघायला. दौलताबादच्या किल्ल्यामागं, डांबरी सोडून मैलभर आत, धनगरांची वीस-बावीस घरांची वस्ती आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी साहेबाला एका मेंढक्याच्या खांद्यावरचं काळं घोंगडं दिसलं आणि किल्ला राहून गेला. तो गाईडला घेऊन थेट वस्तीवर आला, बानाबाईच्या ओट्यावर बसला, गुळाचा चहा प्याला आणि घोंगड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारता झाला की हे काय आहे. तिथं लाल लोकरीनं काढलेली खूण होती. दोन उभ्या रेघा आणि मधे एक टिंब.

"बिरोबाची खूण हाय," बानाबाई म्हणाली.

तुमची नाही का, असं साहेबानं गाईडकरवी पुन्हा विचारलं. आमची नाही, देवाची, असं तिनं पुन्हा सांगितलं. साहेबाला हे इतकं आवडलं की त्यानं ते गाईडकडून कागदावर लिहून घेतलं आणि आठवण म्हणून तिचा अंगठा मागितला. बानाबाईनं दिला. खऱ्या गोष्टीखाली अंगठा द्यायला तिला हरकत कसली असणार?

पुढं चार वर्षं साहेब दर सालाला दोनशे घोंगडी नेत होता. वस्तीतल्या बायका लोकर कातत, पुरुष मागावर बसत, आणि विणून झालेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देऊन बानाबाई ते हातानं चाचपून बघे. पसंत पडलं तर खूण घाली. धागा सुटलेला असला, खळ कमी बसलेली असली, तर बिनखुणेचं घोंगडं कन्नडच्या बाजारात जाई. ही तिची शिस्त नव्हती, तिच्या नवऱ्यापासूनची होती.

पाचव्या वर्षी साहेबाचं पत्र आलंच नाही. आलं ते बर्लिनच्या एका दुकानदारणीचं. ती बाई बानाबाईच्या मुलाकडून, सोनाजीकडून, वर्षाला चाळीस घोंगडी घ्यायची. तिनं कळवलं होतं की तिचा माल बंदरावर अडवला आहे. दोन रेघा आणि टिंब ही खूण साहेबानं जर्मनीत स्वतःच्या नावावर नोंदवली आहे, तशाच खुणेची घोंगडी तो आता कुठल्याशा गिरणीत काढून घेतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय त्या देशात ही खूण कुणाला विकता येणार नाही.

वस्तीत हे पत्र तीनदा वाचलं गेलं. तिसऱ्यांदाही मजकूर तोच निघाला.

सोनाजी आईला घेऊन शहरात गारखेड्याला नानासाहेब वकिलांकडे गेला. नानासाहेबांच्या पाटीवर वरपासून जमिनीचे दावे, वारसाहक्क आणि घटस्फोट असं होतं आणि तळाला नव्या रंगात 'ट्रेडमार्क'. पाटीवर जागा उरली होती म्हणून ते लिहिलं असावं, कारण तोवर त्यांच्याकडे त्या कामाचं कुणी आलं नव्हतं. पण माणूस अभ्यासू होता. आठ दिवसांत त्यांनी मुंबईहून माहिती काढली, जर्मनीतला एक वकील शोधला आणि सोनाजीला समजावलं. तिकडं जो आधी नोंदवील त्याची खूण. पण नोंदवणाऱ्याला ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक होतं, त्याची नियत खोटी होती, एवढं दाखवता आलं तर नोंद रद्द होते. त्यासाठी आधी खऱ्या मालकानं पुढं यायला हवं. त्यांनी बानाबाईचं शपथपत्र तयार ठेवलं होतं. पहिलंच वाक्य असं, की सदर चिन्ह हे माझ्या मालकीचे आहे.

सोनाजीनं ते वाचून दाखवलं. बानाबाईनं पदराखालचा हात बाहेर काढलाच नाही.

माय, नुसतं म्हणायचं असतं, असं सोनाजी म्हणाला. वस्तीतल्या वीस चुली त्या दोन रेघांवर पेटतात, हेही म्हणाला. नानासाहेब म्हणाले की कायद्याची भाषा जरा अवघडच असते, मावशींनी मनाला लावून घेऊ नये.

तेव्हा बानाबाईनं पोलिस ॲक्शनच्या, निजामाचं राज्य गेलं त्या सालातली गोष्ट सांगितली. ती तेव्हा नवी नवरी होती. त्या धामधुमीत माणसं घरदार टाकून रानात लपली आणि दोनशे मेंढरं वाट फुटेल तिकडं गेली. महिन्याभरानं शांत झालं तेव्हा सासरा मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं बघत नुसता बसून असायचा. मग मेंढरं यायला लागली. वेरूळहून कुणी चार आणून सोडली, कन्नडकडून कुणी दहा. खुलताबादचा एक म्हातारा मौलवी सात मेंढरं स्वतः हाकत घेऊन आला, पाणी प्याला आणि गेला. सगळ्यांच्या पाठीवर गेरूनं दोन रेघा अन् टिंब होतं. कडूबानं, म्हणजे बानाबाईच्या नवऱ्यानं, त्याच वर्षापासून ती खूण घोंगड्यावर घालायला सुरुवात केली.

"लोकाच्या घरात खायाला नव्हतं त्या सालाला," बानाबाई म्हणाली. "बिरोबाची हायेत म्हनून त्येंनी मेंढरं माघारी दिली, वकीलसाहेब. आमची खूण असती तर आली असती का?"



मग नानासाहेब उठले आणि कपाटातून एक जाड फाईल काढून आणली. त्या वस्तीच्या बिरोबाला निजामाच्या काळापासून दीड एकर जमीन इनाम होती. तिच्यावर शेजारच्या गावच्या काकासाहेब नावाच्या पुढाऱ्यानं कुंपण घातलं होतं आणि देवाच्या वतीनं तो दावा नानासाहेबांनीच लढवला होता. देव कोर्टात वादी होता. देव जिंकला होता. आपल्या कायद्यात देवाला जमीन घेता येते, दावा लावता येतो. बिरोबा हा नानासाहेबांचा जुना पक्षकार होता आणि तारखेला गैरहजर राहूनही कधी कुरकुर न करणारा तो त्यांचा एकुलता एक पक्षकार होता.

नवं शपथपत्र लिहिलं. खूण श्री बिरोबा देवस्थानाची, वस्तीतले लोक ती देवाच्या परवानगीनं वापरतात. बानाबाईनं दोनदा वाचून घेतलं आणि अंगठा उठवला.

जर्मनीतल्या वकिलानं आदरपूर्वक विचारलं की अर्जदाराचा व्यवसाय काय लिहावा. नानासाहेबांनी विचार करून 'पशुपालन' कळवलं.

चार महिन्यांनी साहेबाचं उत्तर आलं आणि त्याला जोडलेला तो जुना कागद. वर इंग्रजीत लिहिलं होतं, हे चिन्ह आमचे नाही. खाली बानाबाईचा अंगठा. देवाचं नाव कुठं नव्हतं.

नानासाहेबांचा चेहरा उतरला. या कागदापुढं काही चालणार नाही, ते म्हणाले. एकच वाट आहे. मावशींनी सांगायचं की कागदावर काय लिहिलंय ते मला कुणी सांगितलं नव्हतं, चहाच्या गडबडीत अंगठा घेतला. निरक्षर म्हातारी बाई, परका माणूस. कुठल्याही देशातलं कोर्ट हे मान्य करील. सोनाजीनं आईकडं पाहिलं. त्यानं यावेळी नुसते हात जोडले.

"इंग्रजी मला येत नाय, हे खरंय," बानाबाई म्हणाली. "पन काय म्हनले ते ठावं हाय. आमची नाय म्हनले, देवाची म्हनले. त्येनं अर्धं लिवलं. मी आता उरलेलं अर्धं खोटं करू का?"

नानासाहेबांनी तिचं बोलणं होतं तसं लिहून पाठवलं. हरायचंच आहे तर पक्षकाराच्या मर्जीनं हरावं, असं त्यांच्या मनात होतं. नकला द्यायच्या असतात म्हणून एक प्रत बर्लिनच्या दुकानदारणीलाही गेली.

तिनं उलट टपाली एक चकचकीत पुस्तिका धाडली. साहेबाच्या दुकानाची, खूण नोंदवण्याच्या दोन वर्षं आधीची. पान सहावर ओट्यावर बसलेल्या बानाबाईचा फोटो होता आणि खाली साहेबानं स्वतः मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलं होतं. ही मेंढपाळांच्या देवाची खूण आहे. विणणारे गरीब लोक तिच्यावर हक्क सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, आमची नाही, बिरोबाची.

या मजकुरावर साहेबानं घोंगड्याची किंमत तिप्पट लावली होती. उरलेलं अर्धं त्यानं छापून ठेवलं होतं.

नोंद रद्द झाली. पुढच्या पावसाळ्याअखेर खूण श्री बिरोबा देवस्थानाच्या नावावर चढली. नानासाहेबांनी देव आणि बानाबाई यांच्यात एक करारही केला. देवानं तिला खूण वापरायची मुभा द्यायची, तिनं दर दसऱ्याला पहिलं घोंगडं देवाला द्यायचं, आणि माल उणा असेल तर त्याला खूण घालायची नाही. यातलं नवीन काय आहे, असं बानाबाईनं विचारलं. आता ते लिहिलेलं आहे, असं वकिलांनी सांगितलं.

बर्लिनच्या बाईनं नाताळाआधी तीनशे घोंगडी मागितली. सोनाजी हरखून गेला. त्यानं रात्रंदिवस माग चालवले, कमी पडलं तिथं गिरणीचं सूत मिसळलं, खळीचा एक हात वगळला. आई तापानं आठ दिवस अंथरुणावर होती, तेव्हा लाल लोकरीची खूणही त्यानं बायकोकडून, म्हाळसाबाईकडून, घालून घेतली.

नानासाहेब खूण नोंदल्याचा जर्मनीचा दाखला घेऊन वस्तीवर आले, त्या दिवशी बानाबाई पहिल्यांदाच उठून बाहेर आली होती. बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यापाशी बसून तिनं वरच्या घोंगड्यावरून हात फिरवला. मग खालच्या. मग त्याच्या खालच्या. वकील दाखला हातात धरून उभेच राहिले.

"माय, तिकडं कुनाला कळतंय," सोनाजी हळू म्हणाला.

"सायेब बी हेच म्हनला असंल," बानाबाई म्हणाली.

तिनं म्हाळसाबाईकडं कातर मागितली. एक एक घोंगडं मांडीवर घेऊन ती चाचपायची. बरं असेल ते उजवीकडं जाई. नसेल त्याच्या दोन रेघा आणि टिंब ती हलक्या हातानं उसवायची, घोंगड्याला छेद न देता. तिची नजर कमी झाली होती, दोनदा कातर बोटाला लागली. सोनाजी बघत राहिला. मग तो तिच्यासमोर बसला, तिच्या हातातून कातर घेतली आणि तिनं डावीकडं टाकलेलं पहिलं घोंगडं मांडीवर ओढलं.

ऊन उतरेपर्यंत उजवीकडं एकशे दहा झाली. नानासाहेबांनी ओट्यावरच बसून बर्लिनला पत्र लिहिलं, की माल एवढाच येईल, बाकीचा वेळेवर होणार नाही. गाडी सुरू करताना त्यांना दाखल्याची आठवण झाली, तो त्यांनी परत येऊन बानाबाईच्या हाती दिला.

उसवलेल्या लाल लोकरीचा लहानसा ढीग झाला होता. ती लोकर टाकत नाहीत आणि दुसऱ्यांदा वापरतही नाहीत. बानाबाईनं ती ओच्यात घेतली, दाखल्याचा कागद वर ठेवला आणि सोनाजीच्या खांद्याला धरून ती बिरोबाच्या ठाण्याकडं निघाली.