वर्नाची पीचची झाडं

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या मोठ्या विद्यापीठाची नोकरी मी लाथाडली," लॉन्झोच्या सलूनमध्ये खुर्चीत टेकता टेकता म्हातारे कोच टगल म्हणाले.

बाकावरची मंडळी हसली. "कोच, अख्ख्या अलाबामात तसली नोकरी कोण सोडतं?"

"डोंगराएवढं स्टेडियम, गावोगावी वाऱ्यासारखी पळणारी पोरं, आणि हरलो तरी हाकलणार नाही असा शब्द. न्यायला विमान धाडलं होतं, ते आमच्या मक्यात उतरलं. पण वर्ना म्हणाली, माझी पीचची झाडं सोडून मी येणार नाही. बायकोपुढं फुटबॉलचं काय घेऊन बसलात? विमान रिकामं परत गेलं."

वर्नाला पुरून महिनाही झाला नव्हता. आपण तिच्यासाठी काहीतरी सोडलं होतं, एवढं तरी गावानं मानावं, असं कोचना वाटत होतं.

लॉन्झो एके काळी त्यांच्याच संघात खेळलेला. त्याची कात्री थांबली.

"खोटं बोलताय, कोच," तो हळूच म्हणाला. "वर्नाकाकूंनी कपबशासुद्धा कागदात गुंडाळल्या होत्या. खोकी व्हरांड्यात मीच नेऊन ठेवली. आणि विद्यापीठाचा फोन आलाच नाही, तेव्हा परत आत आणली तीही मीच."