चाळीस घरांच्या फोनबाई

नऊ वर्षांत सासूबाई एकदाही घर सोडून कुठे राहायला गेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या दिवसाच्या बोलीवर भाड्याने देत, आणि पाहुणा म्हटला की सकाळी येतो सांगून तो दुपारी उगवणार, किल्ली हरवणार, गीझर चालू होत नाही म्हणून टॉवेल गुंडाळून जिन्यात उभा राहणार. त्याला तोंड द्यायला घरात कुणीतरी हवं, आणि हे कुणीतरी म्हणजे नेहमी सासूबाईच. त्यांची धाकटी बहीण पाच तासांच्या अंतरावर एकटी राहायची. गुडघ्यामुळे तिला इकडे येणं जमत नव्हतं, म्हणून दर महिन्याला ती फोनवर विचारायची, कधी येतेस? "हे बुकिंग झालं की," हे सासूबाईंचं ठरलेलं उत्तर. बुकिंगं काही संपत नव्हती.

सूनबाई एका कंपनीत लोकांसाठी मोबाइल अ‍ॅप बनवायची. सासूबाईंनी भरलेली बॅग तिसऱ्यांदा रिकामी केली, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या जगासाठी अ‍ॅप बनवतो आणि घरची बाई जिन्याला बांधलेली, हे काही खरं नाही. तिने नोकरी सोडली, हिशेबात पक्का असा एक जुना सहकारी सोबत घेतला, आणि घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं मांडली. हा सहकारी चहासुद्धा 'ऐंशी टक्के जमलाय' म्हणून प्यायचा. त्यामुळे त्याला सगळे टक्केराव म्हणत.

अ‍ॅप होतं खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी. पाहुण्याला दाराच्या कुलपाचा आकडा आपोआप जाणार, घराची माहिती आपोआप जाणार, मालकाने खुशाल पाय पसरून बसावं. प्रश्न होता तो पाहुण्यांना जाणाऱ्या निरोपांचा. दोघांनी लिहिलेले निरोप बँकेच्या नोटिशीसारखे वाटत. मग सूनबाईला सासूबाईंचा फोन आठवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? पाहुण्यांना त्या किती नेमकं लिहायच्या! "लाल बटण गीझरचं. निळं कशाचं ते आम्हालाही माहीत नाही, तरी दाबू नये." सूनबाईने त्यांचे निरोप जसेच्या तसे उचलले, घराचा तपशील काढून तिथे रिकाम्या जागा ठेवल्या आणि प्रत्येक मालकाने आपापल्या घराप्रमाणे त्या भरायच्या असं ठरलं.

चाळीस मालक तयार झाले. अ‍ॅप सोमवारी सुरू व्हायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सूनबाईने सासूबाईंना बहिणीकडे जायला स्वतः गाडीत बसवून दिलं, आठ दिवसांसाठी. वरच्या खोल्यांचं काय, हे त्यांनी चारदा विचारलं. अ‍ॅप बघेल, असं सूनबाईने चारदा सांगितलं.

सोमवारी दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही. टक्केरावांना हे फार संशयास्पद वाटलं. चारच्या सुमाराला पाहुण्यांचे अभिप्राय येऊ लागले, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. फोनवरच्या काकूंनी तुंबलेलं बेसिन कसं मोकळं करायचं ते शिकवलं. फोनवरच्या काकूंनी बाळाच्या रडण्यावर उपाय सांगितला, लागू पडला. एका मालकाने तर मुद्दाम फोन करून विचारलं, अशी गोड बाई कुठून शोधलीत? पण यांनी कुठलीच बाई ठेवली नव्हती.

सूनबाईने पाहुण्यांना गेलेला निरोप उघडला. शेवटची ओळ होती, "काही अडलं तर मला फोन करा." तिच्याखाली दहा आकडे. गेले तीन महिने ती ओळ तिने रोज वाचली होती, आणि ते आकडे इतके पाठ झाले होते की दिसेनासेच झाले होते. चाळीस घरांचे पाहुणे सकाळपासून सासूबाईंना फोन करत होते.

सूनबाईने कपाळाला हात लावला. टक्केरावांचे डोळे मात्र चमकले. सत्त्याण्णव टक्के पाहुण्यांनी पाच तारे दिले होते. आठ दिवस तो नंबर तसाच राहू दे, असं त्यांचं म्हणणं पडलं. चाळीस मालक खूश झाले तर चारशे येतील, आणि आईंना तरी लोकांशी बोलायला आवडतंच की. सूनबाईला ते पटलं नाही असं नाही. नोकरी सोडून बसलेल्या माणसाला सत्त्याण्णव टक्के फार गोड लागतात. आईंना विचारून तर बघू, असं म्हणून तिने फोन लावला.

तीनदा फोन गुंतलेला लागला. चौथ्यांदा मावशीने, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीने उचलला.

"बोला, कुठल्या घरात अडलाय?"

सूनबाईने आपण कोण ते सांगितलं. मावशी हसत सुटली. ताई मावशीच्या फोनवरून कुणासाठी तरी प्लंबर शोधत होती, म्हणून ताईचा फोन मावशीच्या हातात. दहाचा चहा अजून तसाच पडलाय, हेही ती मजेतच सांगत होती. मग म्हणाली,

"आमची आई गेली तेव्हा मी लांब होते ना गं. शेवटी ती काय काय बोलली ते ताई मला सांगणार होती. सकाळपासून चारदा सुरुवात केलीय. दर वेळी कुणाचा तरी गीझर."

तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला. त्यांना वाटलं होतं, अ‍ॅप म्हणजे हे असंच असतं. सूनबाईने सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, तुझं काम चांगलं चाललंय ना?

"मग राहू दे की नंबर," त्या म्हणाल्या. "मला काय, सवय आहे."

ही सवय मोडावी म्हणून तर सूनबाईने एवढा खटाटोप केला होता. तिला एकदम स्वतःची लाज वाटली.

"आई, नंबर काढतेय मी. पण गेलेले निरोप परत घेता येत नाहीत, फोन येतच राहतील. तुम्ही फोन बंद करून ठेवा."

"अगं, आणि कुणाचं अडलं तर?"

"अडू दे."

संध्याकाळभर दोघांनी चाळीस मालकांना फोन करून चूक कबूल केली आणि ज्याच्या त्याच्या घराच्या निरोपात त्याचा त्याचा नंबर घातला. 'तुमच्या काकूंसाठीच तर आलो होतो,' असं म्हणून दोन मालक निघून गेले. बुधवारपर्यंत सत्त्याण्णवचे एक्क्याऐंशी झाले. टक्केराव मात्र सोडून गेले नाहीत.

गुरुवारी वरच्या पाहुण्याने जादा पांघरूण मागितलं. सासूबाई पांघरुणं कुठे ठेवतात, हे अ‍ॅपला ठाऊक नव्हतं आणि सूनबाईलाही नव्हतं. तिने सवयीने त्यांना फोन लावला. बंद. दुपारी लावला, तरी बंद. सूनबाईला इतका आनंद झाला की तिने टक्केरावांना हाक मारून फोन ऐकायला लावला. मग ती पांघरूण शोधायला घरातलं एकेक कपाट उघडत बसली.