करंजी घाटातला कॅलिपर

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला कधी कधी एक चकचकीत पोलादी थाळी असते. तिला डिस्क म्हणतात. त्या थाळीला दोन्ही बाजूंनी धरून बसलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे मी, एक म्हातारा कॅलिपर. मित्रांनो, गाडीचं इंजिन सगळे वाकून वाकून बघतात. माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जे झालं ते तसंच सांगतो.

ओतशाळेत वितळलेल्या धातूतून माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक गोल विहीर कोरली, तिच्यात पोलादी पिस्टन बसवला आणि पिस्टनभोवती रबराची बारीक कडी घातली. हँडलवरची ब्रेकची मूठ दाबली की नळीतलं ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं आणि पॅड, म्हणजे घासायच्या दोन पट्ट्या, थाळीला आवळतात. मूठ सोडली की तीच रबराची कडी पिस्टनला केसभर मागे ओढते. धरायचं आणि सोडायचं, एवढंच माझं काम.

माझा पहिला मालक भिंगारच्या छावणीतला एक लष्करी साहेब होता. तेव्हा डिस्क ब्रेकच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाजारात गाडी उभी राहिली की माणसं थाळीत तोंड बघून जायची. साहेबाची बदली झाली आणि गाडी सहादूने घेतली. सहादू लष्कराच्या वर्कशॉपमधून नुकताच निवृत्त झाला होता. बत्तीस वर्षं इंजिन फिटर! नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा. पण पुढे त्याचे गुडघे धरले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली गेली. दोन पावसाळे मी तिथे काढले. पिस्टनला गंज चढला आणि मी थाळीला जे घट्ट धरलं ते धरलंच.

सत्त्याण्णव साली सहादूची मुलगी यशोधरा करंजी घाटाखालच्या एका गावात नर्स म्हणून लागली. पहिली एसटी अकराला पोचायची, आणि बाळंतपणं काही एसटीची वाट बघत नाहीत. तिची लुना मोपेड घाट चढेना. मग गोणपाट निघालं. नवा कॅलिपर पुण्याहून मागवायचा तर सहादूची अर्धी पेन्शन गेली असती. रबराच्या कड्यांचं पाकीट मात्र स्वस्तात मिळालं.

"घरीच करू," सहादू म्हणाला.

घरामागे गोरक्ष राहायचा. त्याच वर्कशॉपमध्ये त्याने जन्मभर ट्रकचे ब्रेक केले होते. त्याला विचारायला दहा पावलं चालायची होती. पण इंजिनवाले ब्रेकवाल्यांना जरा खालचे समजायचे. कँटीनमध्येसुद्धा त्यांची बाकडी वेगळी असायची.

"गोरक्षकाकांना विचारा की, आबा," यशोधरा म्हणाली.

"ब्रेकवाल्याला काय इचारायचं? आमी इंजनं उघडलीत, पोरी!"

हात मात्र त्याचा सोन्यासारखा. मला चिंधीत गुंडाळून, मूठ हळूहळू दाबत त्याने पिस्टन बाहेर काढला. बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवला. कडीची खाच त्याने पेचकसाने खरवडली नाही. ओरखडा पडू नये म्हणून बाभळीची काडी टोकदार करून साफ केली. इतकी माया मला कारखान्यातही मिळाली नव्हती. आणि मग त्याने चूक केली. इंजिनात कोरडं काही बसवायचं नाही, हा त्याचा बत्तीस वर्षांचा नेम. त्याने नवी कडी इंजिन ऑइलमध्ये बुडवली आणि माझ्या पोटात चढवली.

ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढायला यशोधराने सलाईनची नळी आणली होती. "दाब... धर... सोड," असं करत दोघांनी बुडबुडे काढले. ब्रेक लागला. आक्काबाईने, म्हणजे यशोधराच्या आईने, सगळ्यांना चहा दिला.

मित्रांनो, ते तेल रबराला चालत नाही. कडी रोज थोडी थोडी फुगत गेली. नवव्या दिवशी सकाळी, घाट उतरताना, तिने पिस्टन सोडलाच नाही. पॅड थाळीला घासत राहिले, मी तापलो, पोटातलं ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली आणि यशोधराची मूठ रिकामी आत गेली. समोर वळण होतं. तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, मागचा ब्रेक दाबला आणि कडेच्या मुरमाच्या ढिगात चाक घातलं. गुडघा सोलवटला. जीव वाचला.

टेम्पोत घालून गाडी घरी आली तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती.

"बाईमाणसाच्या हाती असली गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार?" गोरक्ष म्हणाला.

आक्काबाईचा धीरच सुटला. "बास झालं. सोड ती नोकरी. जिवापरीस नोकरी मोठी हाय का?"

यशोधरा रडली नाही. "मी ब्रेक दाबला होता, आई," एवढंच म्हणाली. तिच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

सहादूने तिथेच मला उघडलं. फुगलेली कडी बाहेर काढली. पाकिटात एक जादा कोरडी कडी उरली होती, ती शेजारी ठेवली. दोन्हींत फरक केवढा! त्याला कळलं. बाकी कोणालाच कळलं नव्हतं. कडी खिशात टाकली असती तर बत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं, आणि पोरीची नोकरी गेली असती.

तो उठला आणि कडी त्याने गोरक्षच्या हातावर ठेवली.

"पोरीची काय बी चूक न्हाई. मी इंजनाचं तेल लावलं. तुला इचारलं न्हाई, त्ये चुकलं माझं."

गोरक्षने कडी बोटांत दाबून बघितली. कोणी हसलं नाही.

"आमच्याकडं पयल्याच दिवशी सांगायचे," तो हळूच म्हणाला. "रबराला फकस्त ब्रेक ऑइल. नळी बी धुवावी लागंल, आनि वरची ऑइलची टाकी बी." मग यशोधराकडे वळला. "पोरी, मी उगाच बोललो. गाडी लई हुशारीनं थांबवलीस."

दुसऱ्या खेपेला कडी यशोधराने बसवली. गोरक्ष सांगत होता, आणि सहादू बाजूला हात मागे बांधून बसला होता. त्याला ते किती जड गेलं असेल!

मित्रांनो, आम्हा वस्तूंना फार काही लागत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, पावसाळ्यात उघड्यावर टाकू नका, आणि जे येत नाही ते ज्याला येतं त्याला विचारा.

सोमवारी सहादू लेकीच्या मागे गाडीवर बसला. दुखरे गुडघे दुमडून त्याने सगळा घाट काढला. वळणावर तिने मूठ दाबली, मी धरलं. तिने सोडली, मी सोडलं. खाली करंजीत तो उतरला. थाळीजवळ हात नेऊन बघितला. तापली नव्हती.

"आबा, परत कसे जाणार?"

"यष्टी हाय की. तू जा. बायका वाट बघत असत्याल."

तिने गाडी काढली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला; सांभाळून जा, हे तिला सांगायची गरज त्याला आता वाटली नाही.