हळर्णची सुशी

प्रज्योतने तिसरी सुरळी कापली आणि तीही ताटात पसरली. भाताचे तांबूस दाणे एकमेकांची ओळखच नसल्यासारखे चारी दिशांना गेले, मधलं उकडलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, उघडं पडलं आणि समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदाची पट्टी सुरीलाच चिकटून राहिली.

"आई, तांदूळ कुठले घातलेस?"

"उकडे. आपल्या शेतातले. पाहुण्यांना काय दुकानातले घालू?" शेवंती म्हणाली आणि दारातून बाहेर डोकावून आली. बाहेरच्या खोलीत साखळीहून घर बघायला आलेले तिघे बसले होते. मुलगी गौरवी, तिचे वडील कृष्णनाथ आणि आत्या सत्यवती. चहा होऊन अर्धा तास झाला होता आणि बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं.

उकडा तांदूळ पेजेला उत्तम, पण त्याचा स्वभाव सुटं राहण्याचा. हे त्या घरात प्रज्योत सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि भात वळायची पाळी नेमकी त्याच्यावर आली होती.

बेत शेवंतीचा. मुलगा मोठ्या क्रूझवर जपानी जेवण बनवतो, असं तिने स्थळ सुचवणाऱ्याला सांगितलं होतं. साखळीला पोचेपर्यंत त्याला हेडकुकची बढती मिळाली. मूळ पुरावा एक फोटो. डोक्यावर पांढरी उंच टोपी, हातात सुशीचं ताट. टोपी एका फिलिपिनो कुकची होती आणि ताट टेबल नंबर बाराचं. प्रज्योत खोटं असं एकदाही बोलला नव्हता. त्याने फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. ते काम हळर्ण गावाने केलं. जहाजावर आठ महिने तो भांडी धूत होता.

हे आज बाहेर आलं तर पाहुणे उठून जातील, आणि आईला देवळात चार बायकांत बसायला तोंड राहणार नाही. दोन्ही त्याला स्वच्छ दिसत होतं. शिवाय पंधरा दिवसांत फोनवर चारदा बोललेली गौरवी त्याला आवडली होती. ती अडचण निराळीच.

"जा गो गौरवी, जरा हात लाव त्याला," बाहेर सत्यवती म्हणाली. मग आवाज उतरवल्यासारखं करून, पण आत पोचेल इतपत, "आणि मासा शिजवतो की तसाच घालतो, तेवढं बघून ये."

गौरवी आत आली. ताटातला पसारा तिने पाहिला.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा. आत्याला एकटं ठेवलं तर ती तुमचे माड मोजत बसेल."

"मोजू दे गो, सतरा आहेत," म्हणत शेवंती पदर सारखा करून घाईने गेली.

"हे असंच असतं की बिघडलंय?" गौरवीने विचारलं.

"बिघडलंय."

"आणि भात तांबडा?"

"व्हिनेगर लागतं. आमच्या घरात व्हिनेगर कुठलं? आईने कोकमाच्या सोलांचं आंबट आगळ घातलं."

तिने भाताचं पातेलं ओढलं, अर्धा भात डावाच्या पाठीने घोटला आणि उरलेल्यात मिसळला. दाणे नाइलाजाने एकत्र आले. बांबूची चटई तिने बाजूला सारली, काळा कागद पाटावर पसरला, त्यावर भात, काकडी, सुंगटं, आणि अळवडी वळतात तसा तो वळत नेला, दर फेऱ्याला अंगठ्यांनी दाबत. सुरी पाण्यात बुडवून सुरळी कापली. आठ तुकडे झाले. आठही उभे राहिले.

प्रज्योत नुसता बघत होता, पण हात त्याचे थांबले नव्हते. खरकटं एका ताटात निपटलं, वाट्या एकात एक गेल्या, पातेलं पाण्याखाली फिरलं. तिची दुसरी सुरळी होईपर्यंत ओटा कोरडा झाला होता आणि धुतलेली भांडी आवाज न करता पालथी पडली होती. फडकं पिळून त्याने चौपदरी घडी घातली.

गौरवीने सुरी खाली ठेवली.

"रोज किती धुता?"

त्याने नळ बंद केला. नको तितका घट्ट.

"नुसत्या ताटल्या धरल्या तर तीनेक हजार. मशीन असतं. खरवडायचं हाताने."

"आणि टोपी?"

"दुसऱ्याची."

"मला वाटलंच. आज काय बनवलंत, म्हणून मी चारदा विचारलं. चारदा तुम्ही हवामान सांगितलं."

"आता तुम्ही बाहेर सांगणार?"

"मी कशाला? टोपी मी घातली होती काय?" तिने तुकडे ताटात मांडले आणि ताट त्याच्या हातात दिलं. "खाण्याआधी सांगा. मागाहून सांगितलंत तर आत्या म्हणेल, फसवून भरवलं."

बाहेर त्याने ताट मधे ठेवलं, पण तो बसला नाही.

"हे गौरवीने केलंय. मला येत नाही. जहाजावर मी कुक नाही, भांडी धुतो."

"गंमत करतो हो," शेवंती म्हणाली.

"गंमत नाही, आई."

शेवंती खाली बघू लागली. सत्यवतीचा हात ताटापर्यंत पोचून अडला होता. पुढे न्यावा की मागे घ्यावा, तिला ठरवता येईना. शेवटी, भाचीने केलंय हे कारण तिला सोयीचं वाटलं. तिने एक तुकडा तोंडात टाकला.

"सुंगट शिजलेलं आहे," तिने सर्वांना कळवलं.

शिरगावच्या लोखंडाच्या खाणीवर, ती बंद पडेपर्यंत, कृष्णनाथांनी ट्रकांचं वजन केलं होतं. माणसाकडेही ते काटा स्थिरावेपर्यंत बघत. त्यांनी तोललेली माती वर्षानुवर्षं जपानला गेली. तिकडून इकडे आलेलं काही ते आज पहिल्यांदाच खात होते. एक, दोन, असे सावकाश चार तुकडे त्यांनी संपवले. मग ताटली घेऊन उठले आणि मागच्या दारी गेले.

"अहो, ठेवा, ठेवा! पाहुण्यांनी कसलं उचलायचं?" शेवंती धावली.

तोवर नळ सुरू झाला होता. ते निथळती ताटली घेऊन परत आले आणि त्यांनी ती प्रज्योतपुढे धरली.

"बघ रे बाबा. झाली नीट?"

शेवंतीने डोळ्यांनीच सांगितलं, हो म्हण. प्रज्योतने ताटली घेतली, खिडकीकडे धरली, उलटी केली.

"पाठीला साबण राहिलाय."

सत्यवतीचं चावणं थांबलं. कृष्णनाथांनी ताटली परत घेतली आणि त्याने दाखवलेल्या जागी नखाने खरवडून बघितलं.

"राहिलाय खरा," ते म्हणाले, आणि पुन्हा नळाकडे गेले.