कोऱ्या कागदावरची सही

आटपाडीतनं निघाल्यापासून डोक्यात एकच गोष्ट. आज अब्बांसमोर तो कागद निघणार.

अब्बांचं शिलाईचं दुकान. त्यांच्या जिभेवर फोड आला. आमच्या डॉक्टरनं सात महिने मलम चोळायला लावलं, वर ताकदीच्या गोळ्या. फोडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला नाही. शेवटी सांगलीत कॅन्सर निघाला आणि निम्म्याच्या वर जीभ कापली. आता अब्बा पाटीवर लिहून बोलतात. आम्ही ग्राहक आयोगात केस टाकली. डॉक्टरनं उत्तराला एक कागद जोडला, ‘तपासणी सांगितली होती, नातेवाइकांनी नकार दिला.’ खाली सही, समीना चांदसाहेब.

म्हणजे मी.

सही माझीच होती. दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, “ताई, इथं करा,” मी केली. कागद कोरा होता. बी.कॉम. झालेली बाई मी! हे अब्बांना सांगायचं धाडस झालं नव्हतं.

आयोगाच्या दारात आमचे वकील लालासाहेब घाईत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “सही माझी न्हाई म्हणा. लय सत्यवान होऊ नका. आन् ह्यावर दोघंबी सह्या करून ठेवा. अर्ज लागला तर मी टाइप करीन, तुमाला हेलपाटा नको.” मला तीन कागद दिले, अब्बांना तीन. आम्ही केल्या.

आत डॉक्टरच्या वकिलानं तो कागद माझ्या नाकासमोर धरला. “सही तुमचीच ना?”

अब्बा माझ्याकडंच बघत होते.

“माझीच. पण मी केली तेव्हा वर काही लिहिलेलं नव्हतं.”

अब्बांची मान खाली गेली.

वकील हसला. “शिकलेल्या दिसताय. कोऱ्या कागदावर सही कोण करतं हो?”

तिथं माझं डोकं फिरलं.

“आम्ही करतो! डॉक्टर म्हणाला की करतो, वकील म्हणाला की करतो. आज सकाळीच तीन केल्यात. आमच्या वकिलांच्याच फायलीत आहेत, बघा.”

“आवं, गप बसा की!” लालासाहेबांनी फाईल छातीशी धरली.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, फाईल उघडा.”

तीन कागद निघाले. कोरेकरकरीत. तळाला माझी सही.

मागं खडू करकरला. अब्बा उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पाटी वर धरली.

‘अजून बघा. माझ्याबी तीन हाईत.’