तट्टांच्या खुंटाला बांधलेला विंच

मित्रांनो, माझ्या रिळावर आता दोर नाही. दोर नसलेला विंच म्हणजे एक जड लोखंडी डबा, आणि तसाच मी आज एका शेडच्या फळीवर पडून आहे. तरी माझी गोष्ट मी सांगितली पाहिजे, कारण जी गोष्ट मला वेळेवर सांगता आली नाही तिच्यामुळे एक माणूस मरणाच्या दारात गेला.

माझी रचना साधी आहे. एक मोटर, काही दातेरी चाके आणि एक रीळ. रिळावर पंधरा मीटर पोलादी दोर होता, एकोणपन्नास बारीक तारांचा पिळलेला, आणि त्याच्या टोकाला आकडा. बॅटरीची वीज मिळाली की मोटर फिरते, रीळ दोर गुंडाळते आणि आकड्याला अडकवलेली वस्तू हळूहळू माझ्याकडे येते. कारखान्यात मला एका खांबाला जखडून माझ्याकडून अर्धा टन वजन उचलवले होते. ते मी उचलले, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

मला चार जाड चाकांच्या एका मोटरसायकलच्या तोंडाशी बसवले गेले. तिला सगळे क्वाड म्हणत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्राखन नावाच्या दरीत फार्कर मथेसन हा हरणांचा राखणदार होता. त्याच्या हाताखाली त्याच्या भावाची मुलगी इशबेल काम करी. ती शहरात जीवशास्त्र शिकून, चौतीस वर्षांची होऊन परत दरीत आली होती. त्या डोंगरांत लांडगे उरलेले नाहीत. हरणे वाढली की एकही नवे झाड तग धरत नाही आणि थंडी संपता संपता हरणेच उपाशी मरतात. म्हणून दर हिवाळ्यात ठरावीक संख्येने हरिणी माराव्या लागतात. ते काम दोघेही मुकाट्याने, नेम न चुकवता करत.

मारणे हा कामाचा लहान भाग होता. मोठा भाग होता हरिणीला खाली आणणे. गोळी लागल्यावरही ती वीस पावले धावते आणि नेमकी घळीत जाऊन पडते. तिथेच तिचे पोट साफ करायचे, मानेभोवती दोरी बांधायची आणि ओढायचे. ओढायचे ते नेहमी डोक्याकडून, म्हणजे अंगावरचे केस जमिनीला उलटे घासत नाहीत. पायांकडून ओढणाऱ्याला त्या दरीत राखणदार म्हणत नसत. दुसरा नियम असा, की मारलेले जनावर डोंगरावर सोडून घरी यायचे नाही. फार्करच्या बापाने कधी सोडले नव्हते आणि फार्करनेही सोडले नव्हते.

जिथे दोन माणसांना दीड तास लागे, तिथे मला सहा मिनिटे लागत. पहिल्या हिवाळ्यात फार्करने माझ्यावर थाप मारून म्हटले, "हा माझा तिसरा भाऊ. आणि हा जेवायलाही मागत नाही." त्या दिवसांत तो रोज संध्याकाळी दोर पूर्ण बाहेर काढी, फडक्याने पुशी आणि हाताने ताण देत ओळीने परत गुंडाळी.

मग त्याला माझी सवय झाली. एका संध्याकाळी दोर घाईत वेडावाकडा गुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी ताण आला तेव्हा वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांत घुसला आणि अकराव्या मीटरपाशी दोर चेपला. नऊ तारा तुटल्या. फार्करच्या बोटाला एक तार टोचली. त्याने ती जागा पाहिली, तिच्यावर ग्रीस चोपडले आणि म्हणाला, "हंगाम संपला की बदलू."

हरिणींचा हंगाम पंधरा फेब्रुवारीला संपतो. तो संपला, मग हरणांची मोजणी आली, मग कुंपणे आली. दुसरा हंगामही तसाच गेला. चाळीस तारांवर मी काम करत राहिलो. मित्रांनो, यंत्राला दुखले तर ते ओरडत नाही. फार तर थोडे कुरकुरते, आणि कुरकुर ऐकण्याची सवय माणसाला लवकर होते.

ज्या दिवसाची ही गोष्ट, तो त्याच्या पुढच्या हंगामातला तेरा फेब्रुवारी होता. ठरलेल्या संख्येतल्या चार हरिणी उरल्या होत्या आणि दोन दिवस. रात्रीपासून उबदार वारा सुटला होता, बर्फ वितळत होते आणि प्रत्येक ओढा भरभरून वाहत होता. दुपारी तीनच्या सुमाराला इशबेलने एक हरिणी पाडली. ती घळीत, थेट ओढ्याच्या काठावर जाऊन पडली.

क्वाड घळीच्या तोंडाशी उतारावर उभी केली. मी ओढतो तेव्हा समोरचे वजन माझ्याकडे येते, पण मीही त्याच्याकडे ओढला जातो. म्हणून क्वाडला मागून कशाला तरी जाड पट्ट्याने बांधावे लागते. तिथे एक लोखंडी खुंट होता. क्वाड येण्याआधी हरिणी तट्टांवर लादून खाली नेत, आणि तोवर तट्टे त्या खुंटाला बांधत. फार्करने पट्टा त्यालाच गुंडाळला.

इशबेल म्हणाली, "काका, खुंट नको. तो वरचा धोंडा बघा, त्याला बांधू."

"या खुंटाला माझ्या बापाने चाळीस वर्षं तट्टं बांधली. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून. एकदा तरी सुटलं का कुठलं?"

"तट्टू नुसतं उभं असतं. हा ओढणार आहे."

"शिकलेलं माणूस डोंगरावर आणलं की गप्पांतच संध्याकाळ होते," फार्कर म्हणाला आणि दोरी व माझा आकडा घेऊन घळीत उतरला. उजेड तासाभराचा होता. इशबेलने एकदा धोंड्याकडे पाहिले, एकदा उतरत्या उजेडाकडे, आणि वायरीच्या टोकाचे माझे बटण हातात घेतले. जे एक वाक्य ती पुढे बोलली नाही, त्याचा तिने नंतर फार विचार केला असणार.

मी ओढू लागलो. हरिणी काठ चढत होती आणि फार्कर तिच्या मागून, दगड चुकवत तिला वळण देत होता. अर्ध्या वाटेवर तिचा खांदा एका कपारीत अडकला. ताण वाढला. मागून पट्ट्यातून मला एक थरथर जाणवली. काळ्या ओल्या मातीत तो खुंट वर धडधाकट दिसत होता. खाली गंजून तो अंगठ्याएवढा उरला होता.

तो मोडला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. क्वाड पुढे घसरली, काठावरून कलंडली आणि हरिणीला घेऊन ओढ्यात कोसळली. फार्कर बाजूला उडी मारायला गेला, पण पाऊल निसटले. क्वाड कुशीवर पडली आणि त्याचा डावा पाय तिच्याखाली दगडांत अडकला.

इशबेल खाली आली तेव्हा पाणी त्याच्या कमरेशी होते. तिने क्वाडला खांदा लावला. तीनशे किलोंचे ते धूड दोन दगडांमध्ये पाचरीसारखे बसले होते, हलले नाही. इंजिनात पाणी जाऊन ते बंद पडले होते. फोनला त्या दरीत कधीच रेंज नसते. ती डोंगराच्या धारेवर मिळे, पण तिथे चढून जायला चाळीस मिनिटे लागली असती.

"जा तू," फार्कर म्हणाला. "धारेवर जा आणि फोन लाव. मी कुठे पळून जात नाही."

ती गेली नाही. तिने पाण्यालगतच्या दगडावर चाकूने एक रेघ ओढली आणि घड्याळ पाहिले. क्वाड आणि तिच्या चाकाखाली दबलेली हरिणी यांनी ओढा अडवला होता. वाहून आलेला बर्फाचा लगदा फटी बुजवत होता. पाच मिनिटांनी रेघेवर चार बोटे पाणी होते. तिने हिशेब केला असावा, कारण तिचा चेहरा एकदम रिकामा झाला. चाळीस मिनिटांनी तिथे वाचवायला कोणी उरले नसते.

तिने हरिणीला ओढून पाहिले, हातांनी दगड उपसले. थोडे पाणी सुटले, पुन्हा अडले. मग तिने माझ्याकडे पाहिले. बॅटरी अजून पाण्याच्या वर होती.

तिने हरिणीच्या मानेची दोरी कापून आकडा मोकळा केला, मोडक्या खुंटाचा पट्टा सोडवून आणला आणि तो त्याच धोंड्याभोवती गुंडाळला. माझे रीळ सैल सोडून ती दोर ओढत काठ चढली आणि आकडा पट्ट्यात अडकवला. आता मला धोंड्याला ओढायचे होते. धोंडा हलणार नव्हता, म्हणून मीच त्याच्याकडे सरकणार होतो, आणि माझ्याबरोबर क्वाड.

मी जिवाच्या आकांताने ओढले. क्वाड बोटभर उचलली गेली. तेव्हाच अकराव्या मीटरपाशी टण् असा आवाज झाला. मग दुसरा. चाळीसांतल्या तारा एकेक करून जात होत्या. मला थांबायचे होते आणि थांबायचे नव्हते. मित्रांनो, त्या क्षणी मी त्या शिक्क्याची, त्या बाईंची, सगळ्या कौतुकाची शपथ घालून दोराला विनवत होतो. इशबेलने आवाज ऐकला आणि बटण सोडले. क्वाड परत बसली आणि फार्कर पहिल्यांदा ओरडला.

पाणी त्याच्या छातीशी आले होते. त्याचे बोलणे जड झाले होते.

"माझी चूक. बापाचा खुंट."

"नंतर, काका. क्वाडवरच्या पेटीत कप्पी आहे ना?"

कप्पी इशबेलने स्वतः आणली होती. फार्कर तिला इशबेलचा दागिना म्हणे आणि ती कधी वापरू देत नसे, कारण कप्पीने काम निम्म्या वेगाने होते. पेटी क्वाडच्या खाली, पाण्यात होती. इशबेल खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत राहिली. हात बाहेर आला तेव्हा निळा पडला होता, पण त्यात कप्पी होती.

तिने कप्पी धोंड्याला लावली, दोर तिच्यातून वळवून आकडा परत क्वाडच्या सांगाड्याला अडकवला. आता वजन दोराच्या दोन पदरांवर वाटले गेले. वेग निम्मा, पण ताणही निम्मा. मग तिने अंगातले जाकीट काढून ओले केले आणि दोरावर टाकले, म्हणजे दोर तुटलाच तर फटका हवेत न येता खाली पडेल. त्या थंडीत ती स्वेटरवर उभी राहिली.

"तीन सेकंद ओढणार, मग थांबणार," ती म्हणाली. "बॅटरीला दम खाऊ द्यायला हवा. पाय निघतोय वाटलं की खेचा."

तीन सेकंद. थांबा. तीन सेकंद. थांबा. प्रत्येक वेळी रीळ आधीपेक्षा हळू फिरे. क्वाडचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा. पाणी फार्करच्या हनुवटीला लागले आणि त्याने डोके मागे टाकले. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर माझ्यात नुसती टक् झाली. रीळ फिरले नाही. इशबेलने पुन्हा दाबले नाही. ती मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजू लागली. तिशीच्या पुढे तिचा आवाज फाटत गेला, पण तिने एकही आकडा गाळला नाही. मला एवढेच माहीत होते, की बॅटरीत जे काही उरले आहे ते एकदाच मिळणार आहे.

साठ. मी फिरलो. वीतभर. एक तार तुटली, बाकीच्या राहिल्या. फार्करने पाय खेचला आणि बुडाला. इशबेलने बटण टाकले आणि त्याची कॉलर धरली.

तिने हरिणीच्या मानेची कापलेली दोरी त्याच्या काखांखालून बांधली आणि त्याला काठावर ओढू लागली. दातांचा कडकडाट होत असताना तो म्हणाला, "डोक्याकडून ओढ."

"डोक्याकडूनच ओढतेय."

"केस उलटे नकोत जायला."

त्यावर ती रडली. त्याला पिळलेल्या जाकिटात गुंडाळून, आपल्या खिशातली ओटची बिस्किटे त्याच्या तोंडात कोंबून ती धारेकडे पळाली. अंधार पडल्यावर हेलिकॉप्टर आले आणि त्याला घेऊन गेले. घळीत मी आणि हरिणी उरलो.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले होते. इशबेल एकटीच चालत आली. क्वाडखालून हरिणी मोकळी करायला तिला तासभर लागला. मग मानेभोवती दोरी बांधून तिने ओढायला सुरुवात केली. तीन किलोमीटरची वाट आहे. मला ती बराच वेळ दिसत होती. दर वीस पावलांवर थांबत होती.

फार्कर एप्रिलमध्ये शेडमध्ये आला, कुबड्या घेऊन. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मला क्वाडवरून उतरवून बाकावर ठेवले होते. त्याने दोर ओढून बाहेर काढला, अकराव्या मीटरपाशी थांबला आणि नखाने तारा मोजू लागला. एकोणपन्नासपैकी एकतीस.

"मी बदलणार होतो हा," तो म्हणाला.

"हंगाम संपल्यावर," इशबेल म्हणाली.

मग त्याने विचारले, की त्या हरिणीचं काय झालं. इशबेलने सांगितले, की खाली आणली. रात्रभर पाण्यात राहून मांस वाया गेलं होतं, पण आणली. मग त्याने पक्कड मागून घेतली आणि माझा दोर स्वतःच्या हाताने, तुकडे तुकडे करून कापला, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून.

मित्रांनो, मला नवा दोर मिळेल की नाही, माहीत नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. जो खुंट, जी शिडी, जी दोरी तुमचे वजन पेलते, तिने काल काय पेलले हे विचारू नका. आज तिला हात लावून पाहा. बोटाला तार टोचली, तर ते आमचे बोलणे असते. आम्हाला दुसरे बोलता येत नाही.